पिठाचा हात आणि एकच चावी

तुळशीरामजी गावंडे यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी मी लिहावे, असा समितीचा निरोप आला तेव्हा मी आधी नाही म्हटले. ज्या माणसाशी इतकी वर्षे वाद घातला आणि एकदाही आपले चालले नाही, त्याचा गौरव करायचा म्हणजे जिवावर येते. समितीने पुन्हा निरोप धाडला, म्हणून बसलो आहे. मध्येच चिडलो तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आमची पहिली गाठ अकोल्याला, मोर्णा नदीच्या काठाजवळच्या त्यांच्या घरी पडली. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षे झाली असतील. मी एका स्टोव्ह कंपनीचा फिरता विक्रेता होतो. बिऱ्हाड अमरावतीला, आणि मी धामणगाव, बाळापूर, हिवरखेड करीत पेटी घेऊन उन्हातान्हात. तुळशीरामजींचा घराला लागूनच कंदील आणि चिमण्या बनवण्याचा छोटा कारखाना होता. त्यांच्या ओळखीने चार दुकाने मिळतील, या आशेने मी त्यांच्या ओसरीवर पितळेचा चकचकीत स्टोव्ह मांडला आणि नेहमीचे पाठांतर सुरू केले. आधी वाटीत स्पिरिट ओता, ते पेटवा, संपत आले की हवेची चावी आवळा, मग पंप मारा, ज्योत पिवळी आली तर पिन घाला.

त्यांच्या पत्नी शेवंताबाई आतून दाराशी येऊन ऐकत होत्या. भाकरी थापता थापता उठल्या होत्या. त्यांनी विचारले, "अन हात पिठाचे असले तं?"

मी म्हटले, "हात धुऊन घ्यायचे."

"तवरोक तव्यावरच्या भाकरीनं काय कराचं?"

याचे उत्तर माझ्या छापील पुस्तिकेत नव्हते. तेवढ्यात नळीत कचरा अडकून स्टोव्हने भडका घेतला. तुळशीरामजींनी त्यावर ओले पोते टाकले आणि मला चहा सांगितला. एकही स्टोव्ह विकला गेला नाही.

खरे सांगतो, त्या वस्तूंनी मलाही जेरीस आणले होते. पंपाचे वॉशर वाळते, ते तेलात भिजवत बसा. पिन ऐन पाहुण्यांच्या वेळी मोडते. बत्तीच्या मेंटलला बोट लागले की त्याची राख. सायकलला डायनामो बसवला, तर चढावर, जिथे रस्ता दिसायला हवा तिथेच, दिवा मिणमिणतो. शेजारच्या वकिलांचा रेडिओ दिवसभर गातो आणि बातम्या लागल्या की खरखरतो. या सगळ्याला सोय म्हणायचे. अशी एकेक सोय घरात आली की माणूस तिच्या तैनातीला लागतो. माझी पत्नी तर स्टोव्ह पेटवण्याआधी मुलांना अंगणात काढीत असे. आणि मी तोच स्टोव्ह गावोगाव विकत होतो.

काही महिन्यांनी तुळशीरामजींनी मला बोलावून घेतले. म्हणाले, "लोक तुमाले शिव्या देतात अन तुमी आयकून घेता. मले असा मानूस पाह्यजे." अशा शब्दांत नोकरी देऊ करणारे मालक मी दुसरे पाहिले नाहीत. पण राहिलो.

ते वातीचा स्टोव्ह करीत होते, आणि कोणासाठी ते घरात सर्वांना माहीत होते. शेवंताबाईंची, म्हणजे आम्हा सर्वांच्या वहिनींची, नजर अधू होत चालली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितले होते की हे चष्म्याने भागणारे नाही, हळूहळू जाईल ते जाईल. चुलीतला जाळ पुढे ओढताना त्यांचा हात दोनदा भाजला होता. तुळशीरामजींच्या थोरल्या बहीण, अक्का, घरातच असत. त्या प्रेमळ होत्या, पण स्वयंपाक आपल्या हाती द्यावा असे त्यांनी चारचौघांत सांगायला सुरुवात केली होती. ज्या घरात आपण सून म्हणून आलो तिथे चुलीजवळून उठणे म्हणजे काय, हे आपल्याकडच्या बायकांना सांगावे लागत नाही. वहिनी उठायला तयार नव्हत्या. त्यांना उठावे लागू नये एवढेच तुळशीरामजींच्या डोक्यात होते. बाकी धंदा वगैरे सगळे माझ्या डोक्यात.

तो स्टोव्ह आता वऱ्हाडात बऱ्याच घरांत आहे, त्यामुळे वर्णनाची गरज नाही. तीन वाती आणि एक चावी. चावी लाकडाची, भोवऱ्याएवढी, तिला एक खाच. खाच वर असली की स्टोव्ह विझलेला, जसजशी उजवीकडे झुकेल तसतशी ज्योत मोठी. बोटांना पीठ असेल तर मनगटाने फिरवा. तेल किती उरले ते काचेतून पाहायचे नाही, स्टोव्ह उचलला की कळते.

कारखान्याची एक रीत होती. स्टोव्हमध्ये काहीही बदल केला की तो वहिनींपुढे ठेवायचा, तोही त्या भाकरी करीत असताना, उजवा हात पिठात असताना. कोणी काही समजावून सांगायचे नाही. त्यांनी "हे काय होय?" असे विचारले, की तो बदल कानशीने घासून काढायचा. याला आम्ही पिठाचा हात म्हणत असू. मी सुचवलेली सूचनांची पाटी अशीच गेली. ज्योत मोजण्याचे आकडे गेले. बाळापूरच्या एका दुकानदाराने कळकळीने मागितलेले, दुधाचे भांडे बसवायचे गोल कडे, तेही गेले. मी म्हणायचो, "गिऱ्हाईक मागते आहे." ते म्हणायचे, "गिऱ्हाईक दुकानात मांगते, सयपाकघरात नाई मांगत."

त्यांच्या मायेचाही अनुभव सांगतो, म्हणजे हे निव्वळ गाऱ्हाणे वाटायला नको. माझी पत्नी बाळंतपणानंतर आजारी होती तेव्हा ते अमरावतीला भेटायला आले. सोबत स्टोव्ह आणला होता. ती उठून चहा करू लागली, तर हे स्वयंपाकघराच्या दाराशी पाटावर बसून नुसते पाहत राहिले. चहा पिऊन गेले. ती डावखुरी आहे हे त्यांच्या लक्षात आले होते. चावी तेव्हा उजव्या बाजूला असे, आणि ती ज्योतीवरून हात आडवा नेत होती. ती डावखुरी आहे हे मलाही ठाऊक होते, पण स्टोव्हलाही ते ठाऊक असावे असे कधी वाटले नव्हते. मला वाटले, आमच्यासाठी एक वेगळा स्टोव्ह करून पाठवतील. छे. त्यांनी सगळ्याच स्टोव्हची चावी मधोमध आणली, साचे बदलले, आणि तयार मालाचा ढीग मोडीत घातला. माझ्या पत्नीला आनंद झाला. मला त्या महिन्यात विकायला काही नव्हते.

आता त्या धामणगावच्या ऑर्डरीबद्दल. ती आठवली की आजही माझे डोके तापते.

धामणगावचे एक मोठे व्यापारी लग्नसराईचा आमचा सगळा माल उचलायला तयार झाले. अट एवढीच की स्टोव्ह रुखवतात मांडण्यासारखा हवा. निकेलचा मुलामा, दोन चाव्या, तेलाच्या टाकीला काच, वर ताट गरम ठेवायची जाळी. कारखान्याची स्थिती नाजूक होती. ही ऑर्डर मिळाली नसती तर माणसे कमी करावी लागणार होती. तुळशीरामजींनी टाळाटाळ केली नाही, नमुना मन लावून केला. दिसायला इतका देखणा, की मी तो धोतराच्या सोग्याने पुसत बसलो.

मग पिठाचा हात. वहिनींची नजर तोवर बरीच गेली होती. तव्यावर भाकरी होती, ज्योत कमी करायला त्यांनी हात पुढे केला. तिथे दोन चाव्या लागल्या. त्यांनी एक फिरवली, ती उलट्या दिशेची निघाली. ज्योत तव्याबाहेर आली. घाईत दुसरी चावी शोधताना त्यांची बोटे तापलेल्या जाळीला लागली. भाकरीचा धूर झाला. अक्का धावत आल्या, स्टोव्ह विझवला.

वहिनींनी बोटे पाण्यात घातली आणि हळूच म्हणाल्या, "आता मले चुलीजवळून उठवा. अक्का करतीन सयपाक."

तुळशीरामजींनी नमुना उचलला आणि आपला जुना स्टोव्ह त्यांच्यापुढे ठेवून पेटवून दिला. म्हणाले, "परातीत पीठ आहे अजून."

मी त्यांच्या मागोमाग कारखान्यात गेलो. म्हटले, घरात जुना वापरा, शेठजींना नवा द्या. दोन्ही करा. यात कोणाचे काय बिघडते? ते म्हणाले, "मानसं आपल्यापाशी मोजकी. रुखवताचा कराले घेतला का याच्याकडे कोन पायते? अन अशा नजरेची ही एकटीच आहे काय?" मी म्हटले, माणसे वाढवू. ते म्हणाले, "तुमी वाढवान. मी त्याइलेबी हाच कराले लावीन."

दुसऱ्या दिवशी स्वतः धामणगावला जाऊन त्यांनी नकार सांगितला. मी सोबत होतो, तोंड पाडून. शेठजी हसले. म्हणाले, "रुखवतातल्या इस्टोवर कोन सयपाक करते जी? तो पाहाले ठेवतात."

"मंग पाह्याचाच घ्या," तुळशीरामजी म्हणाले. "मी सयपाकाचा करतो."

ऑर्डर दुसरीकडे गेली. आमच्याकडची दोन माणसे गेली, ती परत आली नाहीत. उरलेल्यांनी एक पावसाळा गळक्या कंदिलांना डाक लावण्यावर काढला. पुढे एका घरातून दुसऱ्या घरात असे करीत आमचा स्टोव्ह चालला, हे खरे. पण दोन्ही करता आले असते, असे मला तेव्हा वाटत होते आणि आजही वाटते. याचा दाखला मागितला तर माझ्याजवळ नाही. तुळशीरामजींनी मला संधीच दिली कुठे?

या लेखासाठी माहिती विचारायला मागच्या महिन्यात त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, "लोक इस्टो वापरून राह्यले ना? मंग लिवता कायले?" आणि कारखान्यात निघून गेले. समितीला मी काय देणार, या विचाराने वैतागून मी स्वयंपाकघरात वहिनींपुढे जाऊन बसलो.

वहिनींना आता काही दिसत नाही. त्या भाकरी थापत होत्या. अक्का बाजूला बसून मेथी निवडत होत्या. मी तुळशीरामजींच्या नावाने पोटभर कुरकुर केली. वहिनींनी ऐकत ऐकत शेवटची भाकरी उतरवली, मनगटाने चावी फिरवली, खाच वर आली, स्टोव्ह विझला. हात कुठेच चाचपडला नाही.

मी म्हटले, "वहिनी, तुम्हीच सांगा, काय लिहू?"

त्यांनी माझ्या ताटात भाकरी वाढली. म्हणाल्या, "लिवा का यायनं मले उठवलं नाई."

ते लिहिले आहे. समितीला आणखी काही हवे असेल तर तिने दुसरा लेखक पाहावा. तुळशीरामजींनी शंभरी पाहावी, त्यांचे दात आणि गुडघे तोवर शाबूत राहावेत, आणि रोज सकाळी वहिनींच्या हातची गरम भाकरी त्यांच्या ताटात पडत राहावी, हे माझे मनापासूनचे मागणे आहे. धामणगावची ऑर्डर मात्र घ्यायला हवी होती.