युनूसभाईंच्या गादीवरचा नो-लिमिट

आमच्या रविवारच्या अड्ड्याचा एक किस्सा सांगायला घेतला की तो पुरा व्हायच्या आत दुसरा डोकं वर काढतो. युनूसभाई जुनी गादी उसवतात तेव्हा असंच होतं. कापूस काढायला हात घालतात आणि आतून कंगवा निघतो, जोडवं निघतं, एकदा तर कुणाचं तरी रेशन कार्ड निघालं! टाकवत नाही म्हणून सगळं कोपऱ्यात साठत जातं. आमच्या किश्श्यांचं तेच झालंय.

युनूसभाई म्हणजे अड्ड्याचे मालक. नंदुरबारात त्यांचं गाद्यांचं दुकान आहे. रविवारी दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा एक तयार गादी जमिनीवर टाकायची आणि चौघांनी पत्ते कुटायचे. चौघं म्हणजे युनूसभाई; ब्राह्मणपुरीचे हिराभाऊ, ज्यांची पपई आणि केळी आहे; खांडबाऱ्याहून गाडीने येणारे महाजन सर, हे शाळेत गणित शिकवतात; आणि मी. माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे, आणि मला एका जागी बसवत नाही. बायको म्हणते, तुम्ही जेवतानासुद्धा निघायच्या तयारीत असता.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. युनूसभाईंचा मुलगा इम्रान याच दुकानात कापसात लोळून मोठा झाला, आता सुरतेला नोकरीला आहे. भाभी गेल्यापासून तो वडिलांच्या मागे लागलाय, दुकान बंद करा आणि इकडे या. युनूसभाई दर वेळी म्हणतात, "देखते." ना हो, ना नाही. ते गेले तर अड्डा संपलाच. मला ते जायला नको होते, सरळ सांगतो.

*

पोकर आणला महाजन सरांनी. मोबाईलवर शिकले होते. प्रत्येकाला दोन झाकलेली पानं, मधे पाच उघडी, त्यातून ज्याचा मेळ भारी तो जिंकला. युनूसभाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "पैसा लावायचा असेल तर बाहेर. माझ्या गादीवर नाही!" म्हणून पैशाच्या जागी सोफ्याला लावायची कापडी बटणं आली. खेळ संपला की सगळी परत डब्यात.

सुरुवात लिमिटने झाली. म्हणजे एका वेळी दोनच बटणं लावायची, जास्त नाही. सर मनातल्या मनात टक्केवारी काढायचे, मग समोरच्याने घाबरून पत्ते टाकून द्यावेत म्हणून दोन बटणं मोठ्या रुबाबात पुढे सरकवायचे. हिराभाऊ घाबरायचेच नाहीत! हातात दुरी-तिरी असली तरी त्यांची दोन बटणं सरांच्या बटणांशेजारी जाऊन बसायची, आणि शेवटच्या पानाला नेमकी दुरी यायची.

"अहो हिराभाऊ, तुमच्याकडे काहीच नव्हतं! थांबलात कशाला?"

"दोनच बटन तं शेतस सर! त्याले काय भ्यानं?"

त्या दिवशी सर इतके चिडले की गाडीच्या कितीतरी आधी स्टेशनवर जाऊन बसले.

*

पुढच्या रविवारी आले ते ठरवूनच. "नो-लिमिट!" दारातूनच म्हणाले. "वाटेल तितकी बटणं लावायची. सगळी लावली की ऑल-इन. आता बघू हे कसे थांबतात!"

पानं वाटली. हिराभाऊंनी ती उचललीसुद्धा नाहीत. बटणांचा अख्खा ढीग मधे लोटला. "ऑल-इन!" दुसऱ्या डावालाही तेच. तिसऱ्यालाही तेच. मला तर मजा वाटायला लागली, मीही लोटला. चहा यायच्या आत खेळ आटोपला.

सरांनी कपाळाला हात लावला. "हरायची भीतीच नाही, तर मी ब्लफ करू कुणाला?"

युनूसभाई गादीचा काठ शिवत होते. मोठा दाभण दातांत धरून तोंडाच्या कोपऱ्यातून बोलायची त्यांना सवय आहे. तसंच म्हणाले, "सरजी, बटन से कौन डरता है?"

*

मग प्रश्न आला, डाव लावायचा कशावर? ज्याची भीती वाटेल असं काहीतरी हवं, आणि पैसा तर चालणार नाही.

हिराभाऊंनी पिशवी भरून हिरवी मिरची आणली. हरेल त्याने एक खायची. पहिल्यांदा सर हरले आणि त्यांना जी उचकी लागली ती थांबेचना. मग मी हरलो. माझे डोळे इतके गळायला लागले की इस्पिक कोणतं आणि किलवर कोणतं ते कळेना. सरांचा चेहरा खुलला, आता सगळे जपून खेळतील!

तेवढ्यात पाहिलं, तर हिराभाऊ एकही डाव न हरता पिशवीत हात घालून खात बसलेले. युनूसभाईंना म्हणाले, "भो, भाकर शे का घरमा?"

*

शेवटी युक्ती माझी. मला कुठलंही काम लोंबकळत राहिलेलं सोसत नाही, माझंही आणि दुसऱ्याचंही. मी म्हटलं, "प्रत्येकाने टाळून ठेवलेलं एक काम लावायचं. बटणं संपली की ते काम त्याच दिवशी करायचं. सुटका नाही!"

सगळे एकदम आपापली बटणं मोजायला लागले, तेव्हाच मी ओळखलं की युक्ती लागू पडली.

सर म्हणाले, "पण सुरुवात लहान. नो-लिमिटमध्ये नवीन माणसाने एवढंच लावावं की हरला तरी झोप लागली पाहिजे." म्हणून त्यांनी केस कापणं लावलं. मी दुकानातल्या खडखडणाऱ्या पंख्याची दुरुस्ती लावली. युनूसभाईंनी एका गिऱ्हाइकाच्या अडकलेल्या दोन उशा लावल्या. हिराभाऊंनी मेहुण्याकडून आणलेला फवारणीचा पंप परत करणं लावलं.

आणि काय सांगू, तो माणूस पत्ते टाकायला लागला! आधी पानं बघायचा, मग आमची तोंडं बघायचा, मग टाकून द्यायचा. एका डावात त्यांनी टाकलेली पानं सरांनी उलटून पाहिली, तर दोन एक्के!

"दोन एक्के कुणी टाकतं का हिराभाऊ?"

"तुमले काय जाई ऱ्हायनं सर! पंप देवाले गऊ तं तो शिडी बी मांगी!"

*

सर सांगायचे की प्रत्येक खेळाडूची एक खूण असते. चांगली पानं आली की कुणी नाक खाजवतो, कुणी चहा मागतो. माझ्या पायाचं त्यांना कोडं पडलं होतं. माझा उजवा पाय सारखा हलतो, पानं चांगली असोत की वाईट. "हा माणूस वाचताच येत नाही," असं सर म्हणायचे आणि मी मनातून फुलायचो.

एका रविवारी माझ्याकडे दोन राजे आणि मधे आणखी दोन. चार राजे! असा डाव जन्मात पुन्हा यायचा नाही. मी अगदी निर्विकार चेहरा केला, श्वास सांभाळला, थोडीशीच बटणं पुढे सरकवली. तिघांनीही खटाखट पत्ते टाकून दिले.

मी ओरडलोच. "अरे, का टाकले?"

"तुन्हा पाय थांबी गया ना भो!" हिराभाऊ म्हणाले.

*

युनूसभाईंची खूण मात्र आम्हाला फार आधीपासून माहीत होती, पत्त्यांच्याही आधीपासून. खरं बोलताना दाभण दातांत असतो. गिऱ्हाईक विचारतं, "कापूस कसा आहे?" तर कोपऱ्यातून उत्तर येतं, "मध्यम आहे, भारी पाहिजे तर दोन दिवस थांबा." पण गिऱ्हाईक म्हणालं, "गादी उद्या मिळेल ना?" की दाभण दातांतून निघतो, कॉलरला खोचला जातो, आणि मोकळ्या तोंडाने ते म्हणतात, "उद्या? पक्का!"

ती गादी उद्या मिळत नाही.

पोकरमध्येही तेच. दाभण कॉलरला गेला की हातात काही नाही असं समजायचं. आम्ही तिघांनी त्यांना हे कधी सांगितलं नाही. त्यांची खूण मोडली तर आम्ही जिंकणार कसे? आणि खरं म्हणजे ती खूण आम्हाला आवडायची.

*

हळूहळू कामं मोठी झाली. सर हरले आणि दाताच्या डॉक्टरकडे गेले. मी हरलो आणि ज्या चुलत्याशी बोलत नव्हतो त्याच्या घरी जाऊन चहा पिऊन आलो. हिराभाऊंनी पंपही दिला आणि शिडीही.

मग एका रविवारी युनूसभाई म्हणाले, "आज मैं इम्रान का जवाब लगाता हूँ. हारा तो आज ही बोल दूँगा, हाँ या ना." दाभण दातांत होता.

हिराभाऊ टोपी काढायचे, झटकायचे, पुन्हा घालायचे. गाडीला भरपूर वेळ होता तरी सर घड्याळ बघत होते. माझा पाय इतका हलत होता की गादीवरची बटणं घरंगळत होती. आम्ही तिघं जीव तोडून हरायचा प्रयत्न करत होतो. सरांनी तर जोडी हातात असताना पत्ते टाकले. तरी युनूसभाईंचा ढीग कमीच होत गेला.

शेवटी डावात उरलो मी आणि ते. माझ्याकडे तीन नव्व्या होत्या. युनूसभाईंनी पानं पाहिली, दाभण काढला, कॉलरला खोचला आणि उरलेली सगळी बटणं पुढे लोटली.

"ऑल-इन."

सरांनी माझ्याकडे पाहून हळूच मान हलवली. हिराभाऊंनी माझ्या मांडीला चिमटा काढला. मला कळत होतं, पत्ते टाकून द्यायचे आणि विषय पुढच्या रविवारवर ढकलायचा. पण किती दिवस देखते, देखते? त्या माणसाची तगमग मला बघवत नव्हती आणि माझी मलाच सोसवत नव्हती.

"कॉल!" मी म्हणून गेलो आणि तेवढीच बटणं पुढे सरकवली.

युनूसभाईंनी पानं उघडली. सत्ती आणि दुरी. मेळ कशाचाच नाही.

"तुले जरा धीर नही का रे!" हिराभाऊ माझ्यावर खेकसले. मला त्यांच्याकडे बघवेना.

युनूसभाईंनी दाभण पुन्हा दातांत धरला, बटणं गोळा करून डब्यात भरली, झाकण लावलं. डब्याला टेकवून मोबाईल उभा केला आणि व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर इम्रान आला. कुठल्या तरी रस्त्याच्या कडेला उभा होता, मागे हॉर्न वाजत होते.

"बोलो अब्बा."

युनूसभाईंनी दाभण काढला. आमच्याकडे न बघता कॉलरला खोचला. मग हसत म्हणाले, "बेटा, मैं आ रहा हूँ. दुकान का क्या, बंद कर देंगे. मेरा भी दिल अब यहाँ नहीं लगता."

आम्ही तिघं त्या कॉलरकडे बघत राहिलो. माझा पाय थांबला होता.

पडद्यावर इम्रानने डोळे बारीक केले. मग तो जरा पुढे झुकला.

"अब्बा," तो म्हणाला, "दाभण मुँह में रखो, और फिर से बोलो."