बाहीतला ऊस

माझ्या पोटात काही राहत नाही, असं माझ्या नवऱ्याचं ठाम मत आहे. खरंच आहे ते. सासूबाईंनी सकाळी सांगितलेलं गुपित संध्याकाळपर्यंत मी दोन घरी पोचवलेलं असतं. पण एक गोष्ट राहिली — चौदा वर्षं राहिली. नवऱ्याला नाही, आईला नाही, देवापुढे हात जोडतानाही ती तोंडातून निघाली नाही. तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, हे एका परीने बरंच आहे.

अकरावीत असताना मी ज्युदो खेळायचे. कोल्हापुरात हे सांगितलं की लोक आधी विचारतात, मग कुस्ती का नाही? वडिलांनीही तेच विचारलं होतं. पण शाहूपुरीत एका शाळेच्या हॉलमध्ये क्लास होता, सोमवार-बुधवार-शुक्रवार, आणि गडमुडशिंगीहून बसने तिथे जाणं मला फार आवडायचं. अडचण मधल्या दिवसांची होती. मंगळवारी, गुरुवारी धरायचं कुणाला? गावात हे खेळणारी दुसरी मुलगी नव्हती. भाऊ म्हणायचा, हात मोडशील माझा — आणि पळायचा.

म्हणून मी एक बाई बनवली.

जुनी गादी गुंडाळून सुतळीने आवळली आणि तिला ज्युदोचं जाड पांढरं जॅकेट घातलं. जॅकेट शीतलचं होतं. शीतल म्हणजे क्लासमधली माझी जोडीदार. माझ्याच वजनाची, शाहूपुरीतच तिच्या वडिलांचं भांड्यांचं दुकान. तिला नवं जॅकेट आलं तेव्हा जुनं तिने माझ्या पिशवीत कोंबलं. "तू घे की. मला आखूड व्हायलंय." एवढंच म्हणाली. कॉलरच्या आत तिच्या आईने निळ्या दोऱ्याने नाव घातलं होतं — शीतल. ते मी उसवलं नाही. का नाही उसवलं? आळस म्हणून, असं मी स्वतःला सांगायचे.

शीतल मला दर वेळी पाडायची. हसत पाडायची आणि हात देऊन उठवायची. मला तिचा राग होता का? हे मी खूप चाचपून पाहिलंय. राग असता तर सांगायला सोपं गेलं असतं.

दुपारी आई-वडील शेतात, भाऊ शाळेत. घरात मी आणि ती गादी. मी तिला ओढायचे, पाठीवर घ्यायचे, आपटायचे. आधी नुसती धूळ उडायची. मग सरांनी आर्मलॉक शिकवला. उताणं पडायचं, समोरचीचा हात दोन्ही मांड्यांत पकडायचा, मनगट छातीशी आवळायचं आणि कंबर वर उचलायची. कोपर उलटं वाकतं. सहन झालं नाही की ती मोकळ्या हाताने दोनदा थापटते, मॅटवर नाहीतर तुमच्या अंगावर. याला टॅप म्हणतात. टॅप झालं की सोडायचं, त्याच क्षणी. पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच, कारण या खेळात तुम्ही आपला हात दुसऱ्याच्या भरवशावर देता.

गादीच्या बाह्यांत मी चिंध्या भरल्या होत्या. चिंध्यांच्या हाताला कोपर नसतं. ओढला की नुसता लांबतो, मजा येत नाही. मग एकदा मी बांधावरून एक ऊस आणला, कोयत्याने हातभर तोडला आणि बाहीत सारला. कंबर वर उचलली. कटकन आवाज आला.

तुम्ही म्हणाल, पोरखेळ. मलाही तसंच वाटलं होतं. पण दुसऱ्या दिवशी मी पुन्हा ऊस आणला. मग रोजच. ताणत नेताना एक क्षण येतो — ऊस आता मोडणार हे तुमच्या मांडीला आधी कळतं, कानाला नंतर. त्या मधल्या क्षणाची मला ओढ लागली. तो लांबवायला मी शिकले. अगदी हळू, श्वास रोखून. बाही रसाने चिकट व्हायची आणि वाळून कडक व्हायची. मुंग्यांची रांग दारातून यायची ती थेट त्या बाहीत जायची. आई म्हणाली, "ते ध्यान झाक बघू. दुपारचं बघवत न्हाई." गादीला तोंड नव्हतं, तरी तिची पाठ कुठली आणि समोर कुठलं हे आम्हाला दोघींनाही कळायचं. भिंतीकडे वळवून ठेवलं तरी करमायचं नाही — मग ती रुसल्यासारखी वाटायची. आणि खोटं कशाला सांगू, मी तिच्याशी बोलायचे. शीतल म्हणूनच बोलायचे.

आता ते सांगते. फार फिरवलं मी तुम्हाला.

राज्य स्पर्धेची निवड आठ दिवसांवर होती. आमच्या वजनात एकच मुलगी जाणार होती आणि ती शीतल असणार हे हॉलच्या भिंतींनाही माहीत होतं. त्या शुक्रवारी सरावात मला तिचा हात सापडला. डावा. कसा सापडला कोण जाणे, पण मांड्यांत अगदी घट्ट बसला. मी मागे पडले आणि कंबर उचलली. सर दुसऱ्या जोडीजवळ, आमच्याकडे पाठ. आणि शीतलने टॅप केलं. माझ्या उजव्या मांडीवर, दोनदा. मऊ लागलं — तिला वाटलं असणार, एवढं पुरेल. मग पुन्हा दोनदा, जोरात.

मला कळलं होतं. घाईत समजलं नाही, अंगात आलं होतं, सवयीने झालं — यातलं काहीही नव्हतं. चारही थापा मी मोजल्या. मला फक्त तो क्षण लांबवायचा होता. आणि मी आवाजाची वाट बघत होते. उसासारखा आवाज आलाच नाही. मला वाटलं, अजून झालं नाही, म्हणून मी कंबर आणखी थोडी उचलली. तेव्हा ती ओरडली.

सर धावत आले. त्यांनी पहिल्यांदा मला विचारलं, "टॅप केलं होतं का हिनं?" शीतल जमिनीवर होती, दातखीळ बसल्यासारखी, तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. मी म्हणाले, "नाही सर." किती पटकन म्हणाले! ओठांवर तयारच होतं.

पुढचं तुम्हीच ओळखाल. तिच्या कोपराचं ऑपरेशन झालं, तिचा ज्युदो संपला. स्पर्धेला तिच्या जागी मी गेले आणि पहिल्याच फेरीत हरले. सर तिला रागावले, तिचे वडील रागावले — एवढा कसला ताठा, टॅप करायला काय झालं होतं? "मी केलं होतं टॅप," असं शीतल सुरुवातीला सांगायची. मग म्हणायला लागली, केल्यासारखं वाटतंय. मग तेही थांबलं.

मधली एक गोष्ट राहिली. त्या अपघातानंतरच्या मंगळवारी मी घरी पुन्हा सरावाला बसले. होय, बसले. बाहीत ताजा ऊस होता. घर रिकामं, बाहेर ऊन, कुठे पानही हलत नव्हतं. मी मागे पडून ताण दिला आणि माझ्या उजव्या मांडीवर कुणीतरी थापटलं. दोनदा, मऊ. मी मान उचलून पाहिलं. गादीची दुसरी बाही माझ्या मांडीवर पडली होती. चिंध्यांची बाही, घसरली असेल. घसरलीच असणार. पण दोनदा घसरते का? मी घाबरले, माझ्या अंगावर काटा आला, सगळं झालं — आणि तरीही मी सोडलं नाही. ऊस मोडेपर्यंत धरून ठेवला. माझ्याबद्दल तुम्हाला काही जाणून घ्यायचं असेल तर ते एवढंच आहे.

आईने पुढे गादी फेकली आणि त्या जॅकेटची पायपुसणी केली.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीला मी त्याच हॉलमध्ये घातलं. आता तिथे लहान मुलींना शीतल शिकवते. तिचा डावा हात अजून सरळ होत नाही. मला बघून तिला इतका आनंद झाला की तिने मला मॅटवरच मिठी मारली. मग मुलींना गोल बसवून तिने टॅप शिकवलं. आपलं कोपर दाखवलं. "मी लई शहाणी होते. दुखत होतं तरी टॅप केलं नाही. त्याचं हे बक्षीस. विचारा या काकूंना, याच होत्या समोर." वीस मुलींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांत माझी एक. मी मान हलवली.

क्लास सुटल्यावर मुली चपला शोधत होत्या आणि आम्ही दोघी मॅट गुंडाळत होतो. ती खालच्या आवाजात म्हणाली, "अर्चे, येडी म्हणशील. पण माझ्या हाताला अजून आठवतंय, मी केलतं टॅप. खरं सांग, केलतं का गं?"

तिथे सर नव्हते, स्पर्धा नव्हती, कुणी रागावणारं नव्हतं. ती रागावली नसतीच. तिला फक्त आपला हात खरा ठरायला हवा होता.

"नव्हतं केलंस," मी म्हणाले.

तिने मान डोलावली. मॅटची दोरी एका हाताने आवळली, गाठ मारली. मग म्हणाली, "सॉरी गं. माझ्या चुकीपायी तुला इतकी वर्षं उगंच लागून राहिलं असंल."

मी म्हणाले, "असू दे."