गहिनीनाथाच्या मणक्यांचं कलम

राहात्याच्या बाजूला कुणाला मोसंबीची बाग धरायची झाली, की गहिनीनाथाला बोलावणं जाई. जंभेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, रोपाच्या बुडाशी उकिडवं बसायचं, चाकूनं सालीला चीर द्यायची, चांगल्या झाडाच्या फांदीवरचा डोळा, म्हणजे कोंब फुटायची गाठ, अलगद उतरवून त्या चिरेत सरकवायचा आणि वरून केळीचं सोपट, म्हणजे खोडाची वाळकी साल, गुंडाळायचं. दिवसाला तीनशे डोळे तो बसल्या बसल्या भरी, आणि त्यातले दहा वाया गेले तर त्याला जेवण गोड लागत नसे.

अट एकच. "एकवीस दिस सोपटाला हात लावायचा न्हाई. आत त्यांचं जुळतंय, त्यांना जुळू द्या."

पण माणसाला कुठला धीर? शेजारच्या वस्तीवरच्या बन्सीनं आठव्याच दिवशी सोपटं सोडून पाहिली, आणि चाळीस डोळे वाळले. गहिनीनाथानं दोन वर्षं बन्सीच्या बांधावर पाऊल टाकलं नाही.

एकोणीसशे एकाहत्तरच्या पावसाळ्यात गहिनीनाथाचीच कंबर धरली. पायात मुंग्या येत, आणि उकिडवं बसलं की कुणी सळई घातल्यासारखी कळ निघे. डोळा भरायचा तो जमिनीपासून वीतभर उंचीवर. उभ्या माणसाला ते काम नाही. बायको राहीबाईनं त्याला नगरच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर शामकांतांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. "हे कमरेचे मणके. पाच असतात. दोन मणक्यांच्या मधे ही चकती, म्हणजे गादी समजा. तुमचा चौथा मणका पाचव्यावरून पुढं सरकलाय. पायाकडं जाणारी शीर त्यात दबते."

"मंग?"

"ते दोन मणके एकमेकांना कायमचे जोडायचे. त्याला फ्यूजन म्हणतात. जोडण्यासाठी हाडाचे बारीक तुकडे बाजूला रचायचे. तो ग्राफ्ट."

गहिनीनाथानं गळ्यातली तुळशीची माळ चाचपली. "हाड कुनाचं?"

"तुमचंच. कमरेवर हात ठेवला की ही कड लागते ना, तिथलं."

"म्हंजे कलमच की!" त्याचा चेहरा खुलला. मग आपल्या वाफ्यावर नवा गडी पारखावा तसं त्यानं डॉक्टरांना विचारलं, "साल काढता का?"

"काढतो. मणक्याचा वरचा कडक थर खरवडतो, आतलं रक्त दिसेपर्यंत. नाहीतर तुकडा जीव धरत नाही."

"आन् बांधता कशानं?"

"प्लास्टरनं. छातीपासून कमरेखालपर्यंत. चार महिने."

"बराबर हाय," गहिनीनाथ म्हणाला. "करा तुमी."

ऑपरेशन झालं. दीड महिन्यानं तो प्लास्टरचा अंगरखा घालून घरी आला. लोक बघायला येत, पाठीवर टकटक वाजवत. पहिले दिवस मजेत गेले. पण थंडी पडली, डोळे भरायचा हंगाम उभा राहिला आणि त्याचं मन थाऱ्यावर राहीना. जोड धरला असंल का? तुकडे वाळले तर? आपण पुन्हा बुडाशी बसू का? प्लास्टरच्या आत खाज सुटे. त्याला वाटे, ही खाज नाही, काहीतरी कुजतंय.

एका दुपारी राहीबाई पाण्याला गेली होती. त्यानं कलमाचा चाकू काढला आणि प्लास्टरची खालची कड कापायला घेतली. दोन बोटं चीर गेली असेल, तोच दारात हंडा आदळला.

"काय चाललंय?"

"काय न्हाई. वाईच बघतो. धरलंय का."

"अवं, बन्सीभावजींना दोन वरीस तोंड दावलं न्हाई तुमी! त्यांनी आठव्या दिशी बघितलं म्हून. आन् तुमी?"

राहीबाईनं चाकू हातातून घेतला आणि पिठाच्या डब्यात खुपसला. "आत त्यांचं जुळतंय," ती म्हणाली, हुबेहूब त्याच्या आवाजात. गहिनीनाथाला हसू आलं, पण प्लास्टरमुळे पोट हलेना. नुसते खांदेच हलत राहिले.

पौषात नगरला प्लास्टर उतरवलं. डॉक्टरांनी चिरेवर बोट ठेवलं. "हे काय?"

"उंदीर, सायब," राहीबाई म्हणाली. "मोठा हुता. माळ घातलेला."

डॉक्टरांनी नवा एक्स-रे धरला. दोन्ही मणक्यांच्या कडेनं पांढरा पूल दिसत होता. तुकडे वेगळे ओळखूच येत नव्हते.

"धरलं?" गहिनीनाथानं विचारलं.

"धरलं. आता हळूहळू हिंडा. बसायचं ते अजून दोन महिन्यांनी, आणि गुडघ्यांतून बसायचं. पाठ सरळ."

पुढच्या हंगामात गहिनीनाथ सगळ्यांत आधी गेला तो बन्सीच्या बांधावर. पाठ ताठ, गुडघे दुमडलेले, एखाद्या पाटलासारखा ऐटीत बसून तो डोळे भरू लागला. दिवसाला दोनशेच, पण एकही चीर चुकली नाही. तो शेवटचं सोपट गुंडाळत होता, तेव्हा बन्सी चाचरत म्हणाला, "आबा, एकवीस दिस हात लावनार न्हाई. आईच्यान."

गहिनीनाथानं गाठ मारायला सोपटाचं एक टोक त्याच्या हातात दिलं. "लईच वाटलं, तर राहीकडं ये. चाकू कुठं लपवायचा ते तिला ठावं हाय."