सुशीला म्हणे

दादाचा फोन आला तेव्हा मी मुरबाडच्या एसटी स्टँडवर होतो. "ये तू घरी," एवढंच म्हणाला आणि फोन तसाच चालू ठेवला... मागून बायकांचं रडणं ऐकू आलं. माझी वहिनी गेली होती. आजार कळत होता, तरी मन तयार नव्हतं. महिना होत आला, ते अजूनही तयार नाही.

सुशीलावहिनी खर्डीजवळच्या आमच्या गावात शाळेची खिचडी शिजवायची आणि गाणी रचायची. भीमजयंतीला, लग्नात, नामकरणाला आमची छोटी गायन पार्टी जायची. ती गायला, मी ढोलकीवर. तिच्या खिचडीला पोरं धावत यायची, गाण्याला मात्र कुणी नाही. ती उभी राहिली की मांडव चहाला उठायचा. खोटं कशाला बोलू, लांबायचीच तिची गाणी. पण मधेच एखादी ओळ अशी यायची की वाजवता वाजवता माझ्या अंगावर काटा यायचा.

आमच्याकडे गाण्याच्या शेवटच्या कडव्यात रचणारा आपलं नाव घालतो. तिचंही असायचं, 'सुशीला म्हणे बायांनो, लेकीला दार उघडा.'

मुरबाडकडच्या एका लग्नाला निघताना ती म्हणाली, "भाऊजी, हे शेवटचं. लोक आयकत नाय, त कोनासाठी गायाचं? खिचडीच बरी आपली." मी समजूत काढून पाहिली, पण तिचं ठरलं होतं. त्या मांडवात आमच्या आधी दुसरी पार्टी उभी राहिली आणि चक्क वहिनीचंच गाणं धरलं! कुठे ऐकलं होतं कुणास ठाऊक. शेवटी 'सुशीला'च्या जागी गायकाने स्वतःचं 'चंद्रकांत' कोंबलं. नाव बसेना, ठेका लंगडला, पण माणसं जागची हलली नाहीत.

मी तिरीमिरीत उठलो. वहिनीने सदरा ओढून मला खाली बसवलं.

"बसा गप. वायट वस्तू कोन चोरतं, भाऊजी?"

हसत होती आणि डोळ्यांतून धार लागली होती. परतीच्या जीपमध्येच तिने नवं गाणं जुळवायला घेतलं.

त्यानंतर तिचं नाव झालं, असं लिहायला मला फार आवडलं असतं. तसं काही झालं नाही. लोक चहाला उठतच राहिले, आणि त्या चहाचा मला अजून राग येतो. पण सोडायची गोष्ट तिने पुन्हा काढली नाही. आवाज बसला तेव्हा खाटेवर पडून ओठांतल्या ओठांत रचायची.

वहिनीचा जलदान विधी आटोपल्यावर दादा म्हणाला, "तिचं येक म्हन रे." दादाला गाण्याचं वावडं, कधी आमच्या मांडवात बसला नाही. मी तेच, चोरीला गेलेलं गाणं घेतलं. 'सुशीला म्हणे'पाशी आलो आणि गाणं तिथेच सोडलं. म्हणे! आता कुठली म्हणतेय... ढोलकी नुसतीच वाजत राहिली. तेवढ्यात जाड, बेसूर आवाज आला, "सुशीला म्हणे..." बायांनी माना वर केल्या. लग्न झाल्यापासून दादाने तिला 'गो'खेरीज हाक मारली नव्हती. बायकोचं नाव घ्यायची त्याला लाज वाटायची. कडवं त्याने शेवटापर्यंत नेलं.

हल्ली संध्याकाळी तो ओट्यावर बसून तेवढंच कडवं म्हणतो. आधीची त्याला येत नाहीत. मी शिकवतो म्हणालो.

"नको," तो म्हणाला. "मला नावापुरतंच पायजे."