दर्भाचा कावळा

पत्नीच्या दहाव्याला मी नृसिंहवाडीच्या घाटावर होतो. शेजारी वडिलांचा पिंड ठेवून बसलेली एक तरुणी ओल्या बोटानं पायरीवर समीकरणं लिहीत होती. अक्षरं लगेच वाळत होती. क्वांटम माहितीवर संशोधन करते, म्हणाली. "माहिती नष्ट होत नाही, असं आमचं गणित सांगतं. बाबांची इच्छा मात्र कावळ्याला विचारायची."

कावळा शिवेना. तिचे चुलते ओरडले, "संशोधन सोडून लगीन करते म्हण की! त्यातच दादाचा जीव अडकलाय."

बऱ्याच वेळानं तिनं हात जोडून तसं वचन दिलं. तरीही कावळा आला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला.

"शिवला! आता शब्द मोडायचा न्हाय," चुलते म्हणाले.

माझ्या पत्नीच्या पिंडाला कावळा केव्हाच शिवला होता. मला कुणी काही सोडायला सांगितलं नव्हतं.