तात्यांचं गाऱ्हाणं

आमच्या मुलुंडच्या चाळीत कोणाकडे काही नवं सुरू व्हायचं असलं की आधी तात्यांना बोलावणं जायचं. तात्या सावंतवाडीकडचे, कारखान्यात फिटर. देवापुढे गाऱ्हाणं घालावं तर त्यांनीच. हात जोडून, मान किंचित वर करून, खणखणीत आवाजात ते सुरू करायचे, "बा देवा म्हाराजा..." आणि त्यांच्या प्रत्येक वाक्यामागे जमलेल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. लग्न, बारसं, गणपती ही तर हक्काची निमित्तं. पण कोणी नवा स्टोव्ह आणला तरी तात्यांना राहवत नसे. मी साताऱ्याकडची, मला हे सगळं नवीन. शाळेत शिक्षिका म्हणून लागले तेव्हा त्यांनी नव्या छत्रीसकट माझं गाऱ्हाणं घातलं, आणि मी हसू दाबत उभी राहिले. देवाला इतकं बारीकसारीक कशाला सांगायचं, असं विचारलं तर म्हणाले, "तेका सगळा ठावक आसता. पण आपण सांगूक व्हया."

त्यांचा एकुलता मुलगा दिगू तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेल. हे पोर एका जागी ठरत नसे. बोलणं अगदी तुटपुंजं. वर्गातून खिडकीवाटे पसार व्हायचा, तो मागच्या डोंगराच्या पायथ्याशी सापडायचा. कोणी दंडाला धरलं तर चावायचा. मात्र तात्यांनी गाऱ्हाण्यासाठी हात जोडले की दिगू जिथे असेल तिथून धावत येऊन त्यांच्यासमोर ताठ उभा राही, आणि वाक्य संपतं न संपतं तोच सगळ्यांच्या आधी, सगळ्यांहून मोठ्याने त्याचा "व्हय म्हाराजा" येई. त्याच्यासाठी तात्या गाऱ्हाणं मुद्दाम लांबवतात, हे चाळीला ठाऊक होतं. नैवेद्य थंड होई, पण कोणी कुरकुरत नसे.

घरातही त्यांनी हीच युक्ती काढली होती. दिगू आंघोळीला तयार नसला की तात्या त्याच्यापुढे हात जोडून उभे राहायचे आणि म्हणायचे, "बा दिगू म्हाराजा, तू आता आंघोळ करूक जातलंस." दिगू "व्हय म्हाराजा" म्हणायचा आणि मुकाट्याने मोरीत जाऊन बसायचा. जेवण, झोप, औषध, सगळं याच रीतीने. बापलेकांचं ते बोलणंच होतं म्हणा ना. दुसरं त्यांना सापडलं नव्हतं.

हाल व्हायचे ते दिगूच्या आईचे, आमच्या वहिनींचे. तात्या कारखान्यात, दिवसभर पोरामागे पळायचं, लोकांचे बोल ऐकून घ्यायचे, आणि रात्री दाराला आतून कुलूप घालून किल्ली उशाशी घेऊन निजायचं, हे सगळं त्यांच्या वाट्याला. एकदा दिगूने शेजारची लहान मुलगी जिन्यावरून ढकलली. तिचं कपाळ फुटलं. त्याच आठवड्यात शाळेनेही पटावरून त्याचं नाव काढून टाकलं. तेव्हा कोणीतरी शहरातल्या एका मोठ्या मानसोपचाराच्या डॉक्टरांचं नाव सुचवलं, आणि इंग्रजी बोलायला हवं म्हणून तात्यांनी बरोबर मला नेलं.

डॉक्टर वाईट नव्हते. उलट सभ्य, मृदू माणूस. दिगूशी आपण स्वतःच बोलावं म्हणून ते खुर्चीतून उठले, त्याच्यासमोर उभे राहिले, दोन्ही हात पुढे जुळवले आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत आपल्या जपून जोडलेल्या मराठीत विचारू लागले. समोर कोणी नसताना तुला आवाज ऐकू येतात का?

सकाळपासून पहिल्यांदाच दिगू ताठ उभा राहिला. "व्हय म्हाराजा."

ते आवाज तुला काही करायला सांगतात का?

"व्हय म्हाराजा."

दुसऱ्याला मारायला सांगतात?

"व्हय म्हाराजा," दिगू म्हणाला, आणि शाबासकीसाठी तात्यांकडे बघून हसला.

तात्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ते पुढे झाले. "तो खुळो नाय, सायबानू. तेका गाऱ्हाण्याची सवय आसा. कोणी असो उभो ऱ्हवान बोललो की तो व्हय म्हणता. एकदा परत इचारा. बसान, गजालीत इचारा." गजाली म्हणजे गप्पा. मी ते सगळं, गाऱ्हाण्याच्या रिवाजासकट, इंग्रजीतून समजावलं. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि खरोखरच खाली बसून पुन्हा विचारलं. पण तोवर दिगू टेबलाखाली शिरून खुर्चीचं चाक फिरवत बसला होता. त्याने कशालाच उत्तर दिलं नाही.

डॉक्टर म्हणाले, माझं मत काही या उत्तरांवरच अवलंबून नाही. चावणं, पळणं, ढकलणं हेही आहेच. मुलाचं मन आजारी आहे, इस्पितळात ठेवून विजेचे शॉक द्यावे लागतील. त्यांचं चुकलं की तात्यांचं, हे मला आजही सांगता येणार नाही. तात्यांनी महिनाभर नकार धरून ठेवला. शेवटी वहिनी एवढंच म्हणाल्या, "तुमी सकाळी जातास ते सांजेक येतास. मी मेलंय तर ह्येका कोण बघतला?" तात्यांनी सही केली.

दिगू परत आला तो निराळाच. बसवलं की बसायचा, निजवलं की निजायचा. चावणं नाही, पळणं नाही. चाळ म्हणाली, पोर गुणी झालं हो. वहिनींना कित्येक वर्षांनी धड झोप मिळाली, चेहऱ्यावर तेज आलं, आणि त्यांच्या त्या सुखाला नावं ठेवणारे आपण कोण? तात्या मात्र एकदा नळावर हळूच म्हणाले, "बाई, गप ऱ्हवलो म्हणजे बरो झालो, ह्या कोणी ठरवल्यान?" मी शिक्षिका. गप्प बसणाऱ्या पोराला शहाणं म्हणायची आमची रीतच.

त्या वर्षी गणपतीत तात्या नेहमीसारखे उभे राहिले. दिगूला समोर पाटावर बसवलं होतं. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरांनी जी काय वेडीवाकडी सेवा केली हा, ती गोड मानून घे." आम्ही "व्हय म्हाराजा" म्हणालो. तात्या थांबले. तेच वाक्य त्यांनी पुन्हा म्हटलं आणि या वेळी हाताने आम्हाला गप्प केलं. आम्ही सगळे दिगूकडे बघत राहिलो. दिगू समईकडे बघत होता. तात्यांनी तिसऱ्यांदा तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. अर्धवट गाऱ्हाण्यावरच त्यांनी देवाला नमस्कार केला. मला रडू आवरेना, मी उठून गॅलरीत गेले. त्यानंतर चाळीत तात्यांनी कधी गाऱ्हाणं घातलं नाही, आणि घाला असं म्हणायचा कोणाला धीर झाला नाही.

पुढे माझ्या सगळ्या नोकरीत, 'हा मुलगा असाच' असं कोणी सांगितलं की मी त्या मुलाला शेजारी बसवून घेई आणि पुन्हा विचारी, गजालीत. दर वेळी उपयोग झाला असं नाही. पण विचारल्याशिवाय सोडलं नाही.

त्या गणपतीनंतर दोनेक वर्षांनी तात्यांनी कारखाना सोडला आणि कायमचं गावी जायचं ठरवलं. सकाळी बोटीसाठी निघायचं होतं. हातगाडीवर सामान चढलं, चाळ खाली जमली. मी म्हटलं, तात्या, एवढ्या लांब निघालात, गाऱ्हाणं घाला.

"घातलंय असतंय, बाई. पण व्हय म्हणणारो खय आसा?"

मग मीच हात जोडले. माझ्या साताऱ्याच्या बोलीत जमेल तसं म्हटलं, बा देवा महाराजा, हे लेकरू तुझ्या पदरात घातलंय, त्याला त्याच्या वाटेने सुखाने राहू दे. चाळीतलं कोणीच पुढचे शब्द म्हणेना. ती जागा सगळ्यांनी दिगूसाठी मोकळी ठेवली होती. तात्यांनी दिगूचा हात घट्ट धरला होता. ते बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिले, आणि मग मान खाली घालून, त्याच्या वतीने, आपणच हळूच म्हणाले, "व्हय म्हाराजा."