भावी विकासाचे साहेब

"जरा बाजूला व्हा पेंटरभाऊ, इथून ट्रॅक जाणार आहे."

पहिल्याच भेटीत साहेब मला हे म्हणाले, तेव्हा मी मोकळ्या माळावर उभा होतो. आजूबाजूला गवत, दोन बाभळी आणि चरणारी एक म्हैस. तरी मी बाजूला झालो. साहेबांनी डोक्यावरून हातच असा फिरवला, की वरून खरंच काहीतरी येतंय असं वाटावं. म्हैस मात्र जागची हलली नाही. तिला साहेबच वळसा घालून पुढे गेले.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. पिरंगुटच्या पुढे, उरवड्याच्या बाजूला एका शेठने करमणुकीचं पार्क काढलं होतं. एक तळं, दोन घसरगुंड्या, एक पाळणा आणि चार-पाच फिरती खेळणी. मी पौडचा, पाट्या रंगवणारा. फ्लेक्स अजून आमच्या पोटावर आलं नव्हतं. साहेब भुसावळकडचे, कुठल्याशा कारखान्यात इंजिनिअर होते, तिथून इकडे आलेले. त्यांच्या कार्डावर छापलं होतं, 'महाव्यवस्थापक, भावी विकास'. चालू विकास कुणाकडे आहे, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. घसरगुंडीचं पाणी आटलं की लोक साहेबांकडेच तक्रार घेऊन यायचे. साहेब त्यांना पुढच्या वर्षीच्या धबधब्याबद्दल सांगायचे. लोक कोरडेच, पण बऱ्यापैकी समाधानाने परत जायचे.

माझं काम, येणाऱ्या राइडच्या पाट्या रंगवणं. रोलर कोस्टर मी जन्मात पाहिला नव्हता. साहेब हवेत वळणं काढायचे, तोंडाने आवाज काढायचे, त्यावरून मी चित्र काढायचो. पहिला रोलर कोस्टर कारल्याच्या वेलासारखा झाला.

"हरकत नाही," साहेब म्हणाले. "वळणं कळली म्हणजे झालं. खाली लिहा, लवकरच!"

"तारीख?"

"तारीख घालू नका. तारीख टळून जाते. लवकरच कधी टळत नाही."

दर पावसाळ्यानंतर मी त्याच पाटीवरच्या 'लवकरच'ला नवा लाल रंग द्यायचो. एकदा लवळ्याच्या कॉलेजातली पोरं येऊन म्हणाली, "सर, गेल्या वर्षीपण लवकरच होतं."

"बघा, म्हणजे त्यातलं एक वर्ष कमी झालं," साहेब म्हणाले. चेहऱ्यावर हसू नाही. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. तो थापा मारत नाही, आणि त्याचं म्हणणं खरंही होत नाही.

आम्ही सगळे त्यांच्यावर हसायचो. मी सगळ्यांत जास्त, कारण पाट्यांची मजुरी मला मिळत होती. पण एकदा एका शाळेची सहल आली. पाटी बघून पोरं हटून बसली, रोलर कोस्टर पाहिजे. बाईंचा आवाज बसला. साहेबांनी शांतपणे पांढऱ्या फक्कीची बादली मागवली आणि माळावर ट्रॅक आखायला घेतला. इथे चढ, इथे उतार, इथे गर्रकन वळण. मग सगळी पोरं एकामागे एक उभी केली, पुढच्याच्या खांद्यावर हात, आणि इंजिनाच्या जागी स्वतः साहेब. चढावर सगळे कण्हत हळूहळू, उतारावर ओरडत सुसाट. साहेबांचा टाय खांद्यावरून मागे उडत होता. पोरांनी तीन फेऱ्या मारल्या आणि चौथीसाठी रांग लावली. त्या दिवशी खऱ्या पाळण्यात कोणीच बसलं नाही.

आणि मग एक दिवस खरंच तीन ट्रक आले.

शेठने कुठल्या तरी बंद पडलेल्या पार्कातून जुना रोलर कोस्टर उचलला होता. बरोबर माहितीचं पुस्तक नाही, काही नाही. साहेबांनी तो जोडायला घेतला. दीड महिना ते माणसांत नव्हते. जेवायचे उभ्यानेच, आणि प्रत्येक नट स्वतः तपासायचे. शेठने उद्घाटनाचा दिवस धरला, कोणी बडे पाहुणे बोलावले. पहिल्या फेरीसाठी आसपासच्या वाड्यांवरची मुलं फुकट बसवायची, म्हणजे पेपरात फोटो चांगला येतो. पार्कात झाडलोट करणाऱ्या हिराबाईच्या दोन्ही लेकी यादीत पहिल्या होत्या.

रंगाचं काम माझ्याकडे. शेठ रोज विचारायचे, "चकाचक झालं का?" मी खडबडीत जागी लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, घासायचं, वर पिवळा ऑइल पेंट मारायचा. लाकडी कपाटाच्या चिरा बुजवतो तसंच. लोखंडाची चीर ही वेगळी गोष्ट असते, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

उद्घाटनाच्या सकाळी साहेबांनी डब्यांत वाळूची पोती बसवली आणि गाडी सोडली. तिसऱ्या वळणावर 'कट्' असा आवाज झाला. एवढासाच. सनईची कॅसेट लावलेली, त्यात दुसऱ्या कोणाला ऐकूही गेला नाही. साहेब शिडी लावून वर चढले. किल्लीच्या टोकाने त्यांनी माझा पिवळा रंग खरवडला. खालून लांबीची खपली पडली, आणि वीतभर लांब तडा दिसला.

साहेबांनी वरून माझ्याकडे पाहिलं.

ते खाली आले आणि त्यांनी गाडीची किल्ली खिशात टाकली. "आज नाही चालणार."

शेठ धावत आले. "अहो, पाहुणे पौडपर्यंत आलेत!"

"मग पौडला चहा पाजा त्यांना."

हिराबाईसुद्धा चिडली. "सायेब, पोरी सकाळधरनं उब्या हायेत. लई आस लावून बसल्यात. एक फेरी मारली तर काय व्हतंय?"

"उभ्या आहेत, तेच बरं आहे, बाई."

शेठचा आवाज चढला. "पाच वर्षं नुसतं लवकरच, लवकरच! आज आणून दिलं तर तुम्हाला तडे दिसतात? रंग द्यायच्या आधी नाही दिसले?"

मी बोलायला तोंड उघडलं, तोच साहेब म्हणाले, "रंग द्यायला मीच सांगितलं. बघायचं माझं काम होतं, माझ्याकडून राहिलं." मग हळूच म्हणाले, "चालवायचीच असेल तर चालवू. पहिल्या डब्यात तुम्ही बसा. नातवाला शेजारी घ्या."

नातू शेठचंच बोट धरून उभा होता. त्यांनी त्याला जवळ ओढून घेतलं.

पाहुणे आले तेव्हा काहीतरी तर करायला हवं होतं. मला 'शुभारंभ' पुसून 'लवकरच' लिहायला सांगितलं. अक्षरं ओली होती तोवरच पाहुण्यांनी पाटीची फीत कापली, आणि तालुक्याच्या विकासाचं हे मोठं पाऊल असल्याचं सांगितलं. टाळ्या पडल्या. फोटोत पाटीवरचे माझ्या बोटांचे दोन लाल ठसे स्पष्ट आले होते.

महिनाअखेरीस साहेबांना रजा मिळाली, कायमची. पुढे कोस्टरही गेला, भंगारात. मी साहेबांच्या खोलीवर जाऊन म्हणालो, "साहेब, चूक माझी होती. मला शेठना सांगू द्या."

"तुम्ही पाट्या रंगवणारे," ते म्हणाले. "तुम्हाला लोखंडावर कोणी चढवलं? मीच ना? सोडा."

जायच्या आदल्या दिवशी, ऊन उतरताना, आम्ही त्यांना निरोप दिला. भाषणं नकोत म्हणाले. बोलता बोलता कळलं, की साहेब पार्कातल्या एकाही खेळण्यात कधी बसले नव्हते. त्यांना चक्कर यायची. मग काय, सगळ्यांनी मिळून त्यांना पाळण्यात बसवलं. डोळे गच्च मिटून, दांडा धरून ते वर गेले. माथ्यावर पाळणा थांबवला. घाबरले की काय म्हणून बघितलं, तर साहेब डोळे उघडून पार्काच्या मागच्या टेकाडाकडे बघत होते.

खाली उतरल्यावर म्हणाले, "हिराबाई, टेकाडापलीकडे ती घरं कुणाची?"

"आमचीच की. पंधरा उंबरं हायेत. तुमाला ठावं न्हाई व्हय?"

साहेब बाकावर टेकले. "नकाशात मी तिथे पार्किंग धरलं होतं."

आम्हाला हसू आलं, पण कोणी हसलं नाही. हिराबाईने मात्र पदर तोंडाला लावला आणि खदखदून हसली. "धरा की! आमी कुटं न्हाई म्हनलं? पर आदी च्या प्यायला चला. आजवर कोन सायेब वर आला न्हाई."

साहेब उठले. बूट काढून हातात घेतले, कारण वाटेतल्या ओढ्यात पाणी होतं. पुढे हिराबाई, मागे तिच्या दोन लेकी, आणि त्यांच्या मागे धोंड्यांवर जपून पाय ठेवत साहेब. पलीकडच्या काठावर धाकटीने त्यांच्या हातातले बूट घेतले, आणि ते चढणीला लागले. टेकाडाआड होईपर्यंत आम्ही बघत होतो. सकाळच्या पहिल्या गाडीने ते गेले, म्हणून मी त्यांना पाहिलं ते तेवढंच.